भोंग्याला ओ देणारी म्हैस

लढाई सुरू झाली आणि जबलपूरच्या फॅक्टरीचा भोंगा रोज संध्याकाळी सरावाला ओरडू लागला. विनतानं खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवला. पण आवाजाला कागद कुठला लावणार? भोंगा थांबला की क्वार्टरांच्या मागून तुळशीराम गवळ्याची म्हैस ओ द्यायची. घोगरी, लांबच लांब.

"भोंपू से डरती है, दीदी," तुळशीराम म्हणायचा.

पाण्याची शंका नको म्हणून तो म्हैस दारात आणून समोरच धार काढायचा. त्यातला पहिला कोमट, फेसाळ पेला विनताच्या लहानग्या बंडूचा. धारोष्ण दुधानं पोर बाळसं धरतं, असं घरात सगळेच म्हणत.

त्या सकाळी म्हशीच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या.

"गले में कुछ अटका होगा. हाथ डालके देखा, कुछ नहीं निकला," धोतराला हात पुसत तुळशीराम म्हणाला. तोवर बंडूनं पेला रिकामा केला होता.

दुपारी भोंगा वाजलाच नव्हता. तरी म्हैस ओरडली. पुन्हा ओरडली.

तांदूळ निवडणारा विनताचा हात थांबला. दिवाळीत पिसाळलेला कालू कुत्रा याच म्हशीच्या नाकाडाला लोंबकळला होता. लोकांनी कुत्रा मारला, म्हशीला हळद लावली आणि विसरून गेले. ती बी.एस्सी. झालेली, तीही विसरली.

नवरा, अच्युत, ड्यूटीवरून आला तेव्हा ती बंडूला कडेवर घेऊन दारातच उभी होती.

"काहून घाबरून राहिली? दुधानं कोणाला काही झालंय का आजवर?"

"झालं नसेल. पण आपल्या पोरावर मला ते करून बघायचं नाही. चला."

म्हशीच्या तोंडात हात घातलेल्या तुळशीरामलाही तिनं दवाखान्यात सोबत नेलं. बंडूच्या पोटात सुई शिरली तेव्हा त्याचे पाय तिनंच दाबून धरले.

परतले तर म्हैस खुंट्याशी मरून पडलेली. शेजारी पाण्याची बादली काठोकाठ भरलेली. पिसाळलेल्या जिवाच्या घशाखाली पाणी उतरत नाही.

इंजेक्शनं पूर्ण झाली. लढाईही संपली, भोंगा गप्प झाला. एका संध्याकाळी नेमक्या भोंग्याच्या वेळी बंडू खिडकीशी गेला, मान वर केली आणि घशातून तोच घोगरा आवाज काढला. मग वळून आईकडे बघून खुदकन हसला.

विनतानं पेला पाण्यानं भरला.

"पी, राजा."

तो गटागटा प्यायला.

"आणखी एक घोट," ती म्हणाली.