उलटी गाठ

गोठ्यातल्या दोनशे गायींवर गोचिडांचं औषध फवारायचं, आणि अंगावर किती उडतं ते कळावं म्हणून महिन्यातून एक दिवस झग्याच्या आत, छातीपाशी, पांढरी कापडी पट्टी टाचायची, असा तिथला नेम. पट्टी तपासायला जाई. विष जास्त निघालं की माणसाला फवारणीवरून काढून चाऱ्याच्या कोठारावर पाठवत, तिथे मजुरी निम्मी. पाठीवरच्या पंपामुळे ज्याला सगळे पंपच म्हणत, त्याचा अहवाल वर्षभर धुतल्या तांदळासारखा येत होता.

आणि इकडे बोटं थरथरायची, झग्याची बटणं लागायची नाहीत. त्यात आणखी एक गोष्ट त्याला खटकली. गोठ्यात सगळ्यांच्या अंगावर माश्या बसत, त्याच्या अंगावर एकही नाही.

"तुझी मजा आहे बुवा, माश्यासुद्धा वचकून असतात!" गवळी हसायचा. पंपाला हसू यायचं नाही.

पट्ट्या गोळा करणारा मुकादम त्याचा थोरला भाऊ. वडिलांमागे त्यानेच लहानाचं मोठं केलेलं. दादावर संशय घ्यायला मन धजत नव्हतं. तरी या वेळी सकाळी त्याने पट्टी बायकोपुढे धरली.

"कोपऱ्यात लाल दोरा बांध गं. माझी मला ओळखू यावी."

बायको डावरी, तिची गाठ नेहमी उलटी पडायची. कशाला, काय, काही न विचारता ती गाठ मारून मोकळी झाली.

संध्याकाळी पट्ट्या गोळा करून, पाकिटं भरून दादा हात धुवायला गेला, तसा पंपाने आत शिरून त्याच्या टेबलाचा खण ओढला. लाल दोऱ्याची पट्टी तिथेच होती, पिवळी पडलेली. तपासणीच्या पाकिटात त्याच्या नंबराने दुसरीच, कोरी करकरीत. सख्ख्या भावाने केसाने गळा कापला होता! त्याचे डोळे भरून आले.

मग खाली हात गेला. आणखी अकरा पट्ट्या, मागच्या अकरा महिन्यांच्या तारखा घातलेल्या, सगळ्या पिवळ्या, सगळ्या त्याच्याच. प्रत्येकीच्या कोपऱ्यात, दुमडीच्या आत, लाल दोरा, उलटी गाठ. त्या सगळ्या त्याने स्वतःच्या हाताने टाचल्या होत्या, आणि दोरा कधीच पाहिला नव्हता.

"दादा, हे काय रे?"

दारात उभ्या दादाने मान खाली घातली. "दोरा दिसला की पट्टी बदल, असं तिनेच सांगितलं होतं. घरी जा. तिला विचार."

अंगणात बायको त्याचा दुसरा झगा धूत बसली होती, कोपरापर्यंत फेस. शेजारच्या उष्ट्या ताटांवर माश्या घोंघावत होत्या.

"पुढच्या पट्टीला दोरा बांधून ठेवलाय हं," ती मान वर न करता म्हणाली.

विचारायला तो तिच्याजवळ वाकला. तिच्या अंगावर एकही माशी बसत नव्हती.