सासूबाईंचा ठेका

किशोरनं सासूबाईंचा अंगठा धरून शाईच्या पॅडकडे नेला, तेवढ्यात ठेक्याचं काम पाहणाऱ्या सरकारी ऑफिसातल्या तृप्ती मॅडमनी करारनामा आपल्याकडे ओढून घेतला.

“अंगठा घ्यायच्या आधी वाचून दाखवावं लागतं.”

“त्यांना काय कळणार त्यातलं, मॅडम? घरचाच मामला आहे.”

“मग कळेपर्यंत वाचते,” म्हणत मॅडमनी चष्मा लावला.

लंकाबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. चांदवडजवळच्या गावाहून पहिल्या एसटीनं त्या नाशकात आल्या, त्या जावयाच्या शब्दाखातर. धोंड्याचा महिना होता. अधिक महिन्यात जावयाला धोंडे जेवू घालायचे, वाण द्यायचं आणि तो मागेल त्याला नाही म्हणायचं नाही, ही रीत. किशोरनं यंदा ना अंगठी मागितली, ना कपडे. नुसते दोन-तीन कागदांवर अंगठे मागितले. असा स्वस्तातला जावई लाखात एक, असं लंकाबाईंना तेव्हा वाटलं होतं.

किशोर पूर्वी मुलींच्या वसतिगृहाला जेवण पुरवायचा. कागदावर तूप आणि ताटात पाणचट वरण, असा कारभार. चार वर्षांपूर्वी कोर्टात फसवणूक शाबीत झाली. शिक्षा भोगून तो सुटला, पण सरकारी ठेक्याचं दार त्याला बंद झालं. दार बंद म्हणून पठ्ठ्यानं खिडकी शोधली होती, आणि ती खिडकी म्हणजे लंकाबाई. वसतिगृहाच्या जेवणाचं टेंडर त्यांच्या नावानं मंजूर झालं होतं. आज करार.

मॅडम सावकाश वाचत होत्या. “हा व्यवसाय माझा एकटीचा आहे. फसवणुकीची शिक्षा झालेल्या कोणाचाही त्यात हिस्सा नाही व तो या कामात हात घालणार नाही. हे खोटे ठरल्यास मी शिक्षेस पात्र राहीन.”

लंकाबाईंनी अंगठा पदराला पुसला. त्याला शाई लागलीच नव्हती.

“म्हंजी मालकीण मी?”

“कागदावर तुम्हीच, मावशी.”

“आन् पाव्हण्यांनी हात नाय लावायचा?”

“बोटसुद्धा नाही.”

किशोरनं घसा खाकरला. “मामी, ते नुसतं लिहायचं असतं.”

पाचशे पानांचा लग्नाचा स्वयंपाक लंकाबाई एकहाती उठवत. चुलीपुढं त्या पाटलाचंही ऐकत नसत. इथं मात्र त्या पेचात पडल्या. हो म्हणावं तर खोटं आपल्या नावावर, नाही म्हणावं तर जावयाचा राग लेकीवर निघणार. वैष्णवीनं आधीच काय कमी सोसलं होतं? चार वर्षं ती माहेरच्या लग्नकार्याला आली नव्हती. लोक काय विचारतील, या धास्तीनं पोर घराबाहेर पडत नव्हती.

त्यांनी किशोरपुढं हात पसरला.

“तुमचा मोबाईल द्या बरं. वैष्णवीला लावून द्या.”

मॅडमसमोर नाही कसं म्हणणार? त्यानं नंबर लावून, स्पीकर चालू करून दिला. फोनवर बोलायचं म्हणजे गावच्या विहिरीपलीकडं हाक मारायची, एवढंच लंकाबाईंना ठाऊक. सगळं ऑफिस ऐकू लागलं.

“वैष्णवी! ठेका माझ्या नावावर झालाय. पाव्हण्यांनी हात लावायचा नाय, आसं कागदात हाय. मी खरंच चालवीन म्हणते. चुलीवर मी, सामानाच्या मापाला तू. येतीस का?”

पलीकडं वैष्णवी हसायला लागली. आधी दबून, मग थांबता थांबेना अशी. शेजारच्या टेबलावरचा कारकूनही उगाच हसला. लंकाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. किती दिवसांनी ऐकलं हे!

“आई, पोरी किती हायेत?”

“किती हो, मॅडम?”

“एकशे वीस.”

“एकशे वीस गं!”

“मग उद्या सकाळीच जाऊ. कोठीघर आधी धुऊन काढावं लागंल,” वैष्णवी म्हणाली आणि पुन्हा हसली.

अंगठा अजून कोराच होता. किशोरनं नुसतं ‘चला’ म्हटलं असतं, तर सगळं तिथंच मोडलं असतं. त्यानं तोंड उघडलंही. पण फोनमधून हसू येतच होतं, आणि तो ते ऐकत उभा राहिला. त्याच्या घरात हा आवाज चार वर्षांत झाला नव्हता.

त्यानं शाईचं पॅड सासूबाईंच्या पुढ्यात सरकवलं.

“लावा मामी,” तो म्हणाला. “मी बाहेर थांबतो.”