धाकटीची बादली

माझी धाकटी जाऊ भाजी धुतलेलं पाणी साठवून कुंड्यांना घालते, म्हणून सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला तिचं कौतुक सांगतात. मी वीस वर्षं हेच करत होते, तेव्हा ह्याच मला ‘चिकट’ म्हणायच्या! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.

काल धाकटीची बादली जेमतेम अर्धी भरली होती. म्हटलं, थांब, दाखवतेच हिला. दोन बादल्या काठोकाठ भरून मी बाल्कनीत सासूबाईंसमोर दणकन ठेवल्या.

“बघा, एका दिवसात वाचवलेलं पाणी!”

सासूबाईंनी वाकून पाहिलं. धाकटीच्या बादलीत माती आणि पालकाची पानं तरंगत होती. माझ्या बादल्यांचा तळ लख्ख दिसत होता.

“अगं,” त्या म्हणाल्या, “नळ तरी नीट बंद केलास ना?”