ऑर्व्हिलची खाज

‘सात वर्षांची खाज’ नावाचा सिनेमा येईपर्यंत केंटकीतल्या एका गावात या शब्दांचा अर्थ निव्वळ खरूज. बोटांच्या बेचक्यांत होणारी, सात-सात वर्षं पिच्छा न सोडणारी. सिनेमा लागला आणि आठवड्यात अर्थच पालटला. लग्नाला सात वर्षं झाली की नवऱ्याची नजर भिरभिरायला लागते, ती ही खाज!

नडीनचं नशीब असं, की नेमकी तेव्हाच तिच्या नवऱ्याला खरोखरची खरूज झाली. लग्नालाही सातवंच वर्ष.

तरी झाकली मूठ राहिली असती. पण चर्चच्या जेवणात कुणीतरी विचारलं, “ऑर्व्हिल कुठाय?” जन्मात सिनेमा न पाहिलेल्या सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, “त्याला सात वर्षांची खाज सुटलीय. रात्रभर तळमळतो बिचारा!”

पाद्रीबाबांना ठसकाच लागला.

मग काय! वाणी रोज विचारायचा, “काय नडीन, नवरा आहे ना जागेवर?” पोस्टातली बाई कुजबुजायची, “लक्ष ठेव गं बाई.”

“अहो, खरूज झालीय, खरूज!” नडीन सांगून सांगून थकली.

“सगळ्या बायका आधी असंच म्हणतात,” बाई उसासा टाकायची.

कहर केला तो ऑर्व्हिलने. पेंडीच्या दुकानात पोती उचलणारा हा गडी आता केस चापून बसवून, शीळ घालत कामावर जाऊ लागला.

“पोत्यांना काय करायचाय तुझा भांग?” नडीन कडाडली.

“लोक बघतात गं हल्ली.”

“कोण घेणार आहे तुला? बोटं बघ स्वतःची!”

त्याने कंगवा खाली ठेवला. “मला कुणी घ्यावं असं वाटतच नाही. पण माझ्याबद्दल कुणाला असा संशय यावा, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडतंय.”

नडीन आणखीच चिडली, आणि तिने त्याच्या हातांना मलम चोळून दिलं.

चार दिवसांनी वाण्याकडे कॉफीचा डबा विकत घेताना तिचंच मनगट खाजायला लागलं. वाणी डोळे मिचकावून म्हणाला, “अरेच्चा! तुलाही?”

“हो, मलाही!” नडीन अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशी ओरडली. “नवऱ्याच्या कुशीत झोपते ना, म्हणून! दाखवू जवळून?”

वाण्याने कॉफीचा डबा एका बोटाने तिच्याकडे ढकलला आणि दोन पावलं मागे सरकला.