टर्बोच्या अलीकडे

इंजिनाचा धूर गोळा करणारं मॅनिफोल्ड वाइसच्या जबड्यात आवळून मिस्त्री सकाळपासून त्याच्यासमोर बसून होते. ड्रिल मांडीवर, आणि त्याची वायर अजून तशीच गुंडाळलेली.

गाडी त्यांच्या लेकीची. नाव वेगळं होतं, पण गॅरेजात सगळे तिला ठिणगीच म्हणत. चालायला शिकली ती टायर धरून, बोलायला शिकली ती बापाशी वाद घालत. लग्न होऊन गेली तरी सुटीच्या दिवशी गाडी घेऊन हजर. इंजिनातून निघणारा धूर किती तापलाय ते दाखवणारं एक छोटं मीटर तिनं स्टिअरिंगशेजारी बसवलं होतं. वायर ओढून झाली, सेन्सर डबीत तयार. भोक टर्बोच्या, म्हणजे धुराच्या जोरावर फिरणाऱ्या पंख्याच्या, अलीकडे पाडायचं की पलीकडे, तेवढ्यावर बापलेकीचं जमत नव्हतं. आणि ते जमायच्या आधीच लेक गेली. काटा शून्यावर निजला तो निजलाच.

"टर्बोच्या पलीकडे लाव," मिस्त्री म्हणायचे. "पुढच्या पाइपात. सेन्सरचं टोक तुटलंच तर सायलेन्सरात जाऊन पडेल. अलीकडे मॅनिफोल्डात लावशील, तर तुटलेलं टोक सरळ टर्बोच्या पात्यांत. मग बस रडत."

"अहो बाबा, टर्बो फिरवता फिरवता धुराची बरीच आग तिथंच सरते. पलीकडे शे-दीडशे डिग्री कमीच दिसणार, तेही उशिरा. भांडण घरात आणि चौकशी शेजाऱ्याकडे! मॅनिफोल्डच्या चारही नळ्या एकत्र येतात ना, टर्बोच्या तोंडाशी? तिथं लावायचं. खरं काय ते तिथंच कळतं."

"खरं कळून करणार काय तू?"

"पाय उचलीन की. मी काय गाडी उडवतेच?"

"उडवतेसच!"

मग तिच्या अंगात दुखणं शिरलं. मिस्त्री रोज फोन करायचे. "बरी आहे, बाबा. जराशी कणकण आहे." आवाज हसरा. खरं ती नवऱ्याला सांगायची. बापापर्यंत येता येता प्रत्येक तापाची कणकण होऊन जायची. दवाखान्यात तिच्या कपाळावर ठेवलेला हात चटका बसल्यासारखा मागे आला, तेव्हा कुठे मिस्त्रींना खरं कळलं. तोवर उशीर झाला होता.

आज जावई गाडी न्यायला आले होते. बदली झाली होती, डोंगर ओलांडून दूर कुठेतरी.

"बाबा, होत नसेल तर राहू द्या. तशीच नेतो."

"तिचं काम अर्धं ठेवून? बसा तुम्ही. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय लबाड आहे."

"माहीत आहे. लग्नाआधी तिनं मला मुद्दाम त्याच्यावरच बसवलं होतं."

दोघंही हसले. हसू मध्येच तुटलं.

मिस्त्री उठले. गाडी डोंगर चढणार, वाटेत बघायला कुणी नाही; आपली पलीकडची जागाच बरी, त्यांनी ठरवलं. टर्बोनंतरचा पाइप काढून ठेवला होता, तो उचलून त्यांनी फडक्यानं काजळी पुसली. आणि फडकं थांबलं.

पाइपावर भोकाची जागा दाखवणारी पंचाची खूण होती. एक ठोका हलका, दुसरा जोरात, म्हणून ठिपका जरासा लांबट, तिळासारखा. असा पंच एकच हात मारायचा.

"हे कधी केलं तिनं?"

जावई खाली बघत म्हणाले, "शेवटची आली होती तेव्हा. तुम्ही जेवायला गेला होतात. म्हणाली, होऊ दे बाबांच्या मनासारखं. त्यांना घोर नको."

मिस्त्रींनी पाइप मांडीवर घेतला. जन्मात एकदा तिनं त्यांचं ऐकलं होतं, तेही असं पाठीमागे, न सांगता.

"कशाला ऐकलंस गं?" ते पाइपाला म्हणाले. "भांडायचं होतंस."

बराच वेळ अंगठा त्या तिळावरून फिरत राहिला. मग त्यांनी पाइप हळूच बाजूला ठेवला, ड्रिलची वायर सोडली आणि मॅनिफोल्डकडे वळले.

"बाबा, खूण तर पाइपावर आहे."

"तिथं भोक पाडलं तर खूण उरेल का?" मिस्त्री म्हणाले. "खूण तिनं माझ्यासाठी केली. भोक मी तिच्यासाठी पाडतो."

चार नळ्या मिळतात तिथं त्यांनी ड्रिल टेकवलं. बीडाच्या लोखंडाला तेल लागत नाही. कोरडंच कापत गेलं, काळी भुकटी हातांवर झरत राहिली. आटे पाडले, हवा मारली, एकही कण टर्बोत जाऊ नये म्हणून आतून बोट फिरवलं. सेन्सरचं टोक धुराच्या वाटेत मधोमध आणलं. नवी गॅस्केटं घालून सगळं परत जोडेस्तोवर ऊन उतरलं. पाइप शेवटी चढला. तीळ गाडीच्या पोटाखाली दिसेनासा झाला.

जावयांनी गाडी सुरू केली. काटा थरथरला, मग उठला.

"बाबा! हलला!"

मिस्त्रींना बघवेना. ते खिडकीपाशी वाकले. "चढ संपला की थांबून फोन करा. काटा कुठवर गेला ते सांगा."

"सांगतो."

"आणि खरं सांगा. मला घोर नको म्हणून कमी करून सांगू नका."

जावयांनी त्यांचा काळा हात धरला.

गाडी वळणाआड गेली. मिस्त्रींनी हात धुतले नाहीत. फोन समोर ठेवून ते लबाड स्टुलावर तोल सावरत बसून राहिले.