बंबकाकू

"काकू, हा फोन घ्या ना. मला नाही होत आता."

चिमणीने हेडफोन कानावरून काढून हातात धरला होता. डोळे काठोकाठ भरलेले, नाक लालभडक. बंबकाकू तेव्हा डबा खात होती. तिने तोंडातला घास तसाच गिळला, डब्याला झाकण लावलं आणि म्हणाली, "पाठव इकडे. आणि रडू नकोस, बस माझ्या शेजारी."

बंबकाकू हे काही तिचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. लांबलचक हॉलमध्ये ओळीने बसून परक्या कंपन्यांच्या गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे, हे तिथलं काम. कधी फ्रिजवाल्यांचे, कधी विमावाल्यांचे, सध्या पार्सलवाल्यांचे. एखादं गिऱ्हाईक भडकलं, आयमाय काढायला लागलं, की पोरी एकमेकींना म्हणायच्या, "आग लागली गं, बंब बोलव." की तो फोन काकूकडे. ती कधी आवाज चढवायची नाही, कधी रडायची नाही, आणि समोरचा कितीही पेटलेला असो, शेवटी "ठीक आहे मॅडम" म्हणूनच फोन ठेवायचा. सगळी नोकरी तिने दुसऱ्यांच्या आगी विझवण्यात घालवली होती आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा थोडा तोराही होता. का असू नये? मिरवायला दुसरं होतं काय तिच्याकडे?

फोनवर सगळ्याच जणी खोटं नाव सांगत, तशी तीही सांगायची. आवाजही निराळा लावायची. घरच्यापेक्षा वरच्या पट्टीतला, गोड, हसरा. तो आवाज घरी कुणी कधी ऐकलेला नव्हता. तिचं काम म्हणजे 'फोनवरची नोकरी', एवढंच घरच्यांना ठाऊक.

"नमस्कार सर, बोला, काय झालं?"

"आली का मोठी बाई? बरं झालं. अहो, त्या मुलीला आधी बोलायला शिकवा. पाल्सल म्हणते! पाल्सल! मी म्हटलं, परत म्हण. परत म्हण. छे, येतच नाही!"

मागे तीन-चार जण खो खो हसले. पलीकडे फोन स्पीकरवर होता.

 हा आवाज ओळखायला काकूला वेळ लागायचं कारणच नव्हतं. तरी तिने मनात म्हटलं, नाही, नसेल, सारखे आवाज असतात माणसांचे. मग स्क्रीनवर पत्ता उमटला. इमारत, मजला, दाराचा नंबर. तिच्याच घराचा.

फोनवर तिचा मुलगा होता.

"मॅडम? का तुमचीही बोबडी वळली?" पुन्हा हशा.

"नाही सर, ऐकतेय मी." आवाज तसाच गोड निघाला. सवय फार वाईट.

तक्रार खरी होती. त्याने बूट मागवले होते, ते पोचल्याची नोंद झाली होती आणि बूट काही पोचले नव्हते. रागवायला जागा होती, कोण नाही म्हणतं? पण तो रागावलेलाच नव्हता, आणि हेच तिला आत टोचत होतं. रागावलेली माणसं तिच्या रोजच्या ओळखीची. रागात माणूस वाटेल ते बोलतो, मग ओशाळतो. हा ओशाळत नव्हता, मजा करत होता. जेवणाच्या सुट्टीत दोस्तांची करमणूक चालली होती.

आणि ते 'परत म्हण'! ते शब्द मुळी त्याचे नव्हतेच, ते तिचे होते. लहानपणी यालाच र म्हणता येत नसे. शाळेतली पोरं चिडवायची, हा दप्तर फेकून रडत बसायचा. मग ती संध्याकाळी हातातलं काम टाकून त्याला मांडीवर घ्यायची. रबर, रस्ता, राजा. "परत म्हण, सोन्या. येतंय बघ. परत म्हण." पहिला स्वच्छ र आला त्या दिवशी तिने त्याला कडेवर घेऊन घरभर नाचवलं होतं. ते सगळं विसरून गेला हा, फक्त शब्द तेवढे लक्षात ठेवले!

"उद्या संध्याकाळपर्यंत बूट घरी येतील, सर."

"बघा रे, याला म्हणतात बोलणं," तो दोस्तांना म्हणाला, आणि मग तिला, "मॅडम, तुमच्याबद्दल आपली काही तक्रार नाही. त्या बोबडीला मात्र काढून टाका. असल्यांना फोनवर बसवतात का कुणी? झाडू द्या तिच्या हातात."

इथे खरं तर त्याचे कान उपटायचे. निदान गप्प तरी बसायचं. पण तिच्या तोंडून गेलं ते रोजचंच.

"हो सर. धन्यवाद सर."

चिमणी शेजारीच बसली होती. पलीकडचं बोलणं तिला ऐकू येत नव्हतं. ऐकू आलं ते एवढंच, 'हो सर'.

चिमणी म्हणजे नुकतीच कामाला लागलेली, अंगाने काडी, आवाजाने बारीक. एरवी ती चांगलं बोलायची. घाबरली की तिचा र घसरायचा.

"काकू," तिने हळूच विचारलं, "लाल शेरा माराल ना त्याच्यावर?"

लाल शेरा हा तिथला नवा नियम. मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावलेला, आणि कुणीही न वापरलेला. माणसाने कामावरच्या मुलीचा अपमान केला, तर त्याला दुसऱ्या दिवशी कंपनीने फोन करायचा, त्या मुलीला लाइनवर घ्यायचं आणि विचारायचं, तुम्हाला हिची माफी मागायची आहे का? मागितली तर प्रश्न मिटला. नाही मागितली तर लाल शेरा. मग त्याचा फोन इथे कुणी घ्यायचा नाही आणि त्याचं सामान त्याने स्वतः गोदामातून न्यायचं, दारात येणार नाही. नियम चांगला होता. पण लाल शेरा पडला की वरून साहेबांना विचारणा होणार, म्हणून साहेबांना तो नको असायचा.

साहेब नेमके तिथूनच चालले होते. "शेरा कसला? काकू, विझली ना आग? मग झालं तर!" ते हसले. "तरी काकू म्हणत असतील तर माझी ना नाही. काकूंच्या शब्दाबाहेर मी नाही."

दोघांनीही काकूकडे पाहिलं.

"बघते," ती म्हणाली आणि डबा पिशवीत घातला. पुढे जेवण गेलंच नाही.

मुलगा वाईट होता म्हणावं तर तसंही नव्हतं, हीच तर पंचाईत. नवरा परगावी नोकरीला, महिन्यातून एकदा घरी यायचा. घरात हे दोघंच. दिवसभर बोलून तिचा घसा बसतो म्हणून हा न सांगता गोळ्या आणून ठेवायचा. भांडी घासू लागायचा. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, मुलगा असावा तर असा. त्या दिवशीही तो आला तो हसतमुख, हात धुऊन ताटावर बसला आणि म्हणाला, "आई, आज चेहरा का उतरलाय? कुणी बोललं का? नाव सांग फक्त, बघतो एकेकाला."

"आज दुपारी फोनवर कुणाला झापलंस?" तिने विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?" त्याला वाटलं दोस्तांपैकी कुणी. तो खुलला. "अगं, काय धमाल! ते पार्सलवाले नाहीत का? एक बोबडी बसवलीय तिथे..." आणि त्याने चिमणीची नक्कल केली. हुबेहूब केली. मग म्हणाला, "नंतरची बाई मात्र बरी होती. एकदम गोड."

"ती मी होते."

तो आधी हसला. मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. घास ताटात पडला.

"आई... शप्पथ, मला माहीत नव्हतं."

"माहीत असतं तर?"

"तर बोललो असतो का? तुझ्याशी असं बोलेन का मी कधी?" तो उठून तिच्या पायांशी येऊन बसला, तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. "चुकलो आई. माफ कर. परत नाही होणार."

तिचा हात सवयीने त्याच्या केसांतून फिरला. किती बरं वाटलं तिला! आग विझली होती. इथेच थांबली असती, तर त्या घरात सगळं पहिल्यासारखं चाललं असतं.

"मला काही नाही रे झालं," ती म्हणाली. "त्या मुलीची माफी माग."

"तिची?" त्याने डोकं वर केलं. "तिची कशाला?"

"तिला बोललास ना तू?"

"अगं, पण ती कोण कुठली! ती विसरलीसुद्धा असेल. अशांना रोज पन्नास जण बोलतात."

"मला पण बोलतात."

"तुझी गोष्ट वेगळी."

"काय वेगळी?"

 तो जरा चिडलाच. "तुझी मागितली ना माफी? पायाशी बसून मागितली. आता तिला फोन करून काय सांगू? ऑफिसात कळलं तर काय तोंड दाखवू? तू घे ना सांभाळून. तुझं कामच आहे ते."

ताट तसंच टाकून तो आत गेला.  इतकी वर्षं आपण आगी विझवल्या, पण लावणारा दर वेळी हात झटकून मोकळा झाला, आणि त्याला मोकळं करणारी मीच, असं तिला पहिल्यांदाच लख्ख दिसलं. आपल्या मायेची एवढी लाज तिला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये पोचल्या पोचल्या तिने चिमणीला कोपऱ्यात घेतलं. "कालचा तो माणूस. तो माझा मुलगा आहे."

 चिमणी म्हणाली, "म्हणून 'हो सर' म्हणालात का?"

"नाही गं. ते मी सगळ्यांनाच म्हणते." काकूला तिच्या नजरेला नजर देता येईना. "तू चल. आपण त्याला फोन करू. नियमाप्रमाणे."

"नको काकू. जाऊ दे ना. मी विसरले."

"विसरली असतीस तर डोळे सुजले नसते. चल."

दोघींनी हेडफोन लावले. एकाच लाइनवर. घंटी वाजली, त्याने उचलला. मागे ऑफिसातली बडबड ऐकू येत होती.

"हॅलो?"

काकूने तोंड उघडलं आणि तिच्याच लक्षात आलं की आज तो गोड आवाज लागत नाहीये. घरचाच आवाज निघाला, जाडाभरडा, बसलेला.

"सर, पार्सल सेवेतून बोलतेय. काल आपण आमच्या एका मुलीचा फोनवर अपमान केलात. तिच्या बोलण्याची टिंगल केलीत. ती लाइनवर आहे. आपल्याला तिची माफी मागायची आहे का?"

"आई?" तो कुजबुजला. "काय हे? वेड लागलं का तुला? सगळे बसलेत इथे."

"सर, ती ऐकतेय. दोन शब्द बोला फक्त." आणि मग तिच्याने राहवेना. "बोल रे बाळा. एवढंच बोल. मी तुझ्यापाशी कधी काही मागितलं नाही."

  चिमणी खाली मान घालून टेबलाच्या कडेवर नख घासत होती. बोलेल, काकूला वाटलं. माझा मुलगा आहे, बोलेल. त्याने खाकरून घसा साफ केला, आणि तिने खरंच डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "कोण रे? कुणाशी गुलुगुलु चाललंय?"

"कुणी नाही रे," तो मोठ्याने म्हणाला. "राँग नंबर."

फोन कट झाला.

चिमणीने आपला हेडफोन काढला. मग काकूचाही काढला, हळूच, केस ओढले जाणार नाहीत असा. "काकू, राहू दे. नका मारू शेरा. तुमचा मुलगा आहे तो."

"आहेच गं," काकू म्हणाली. "कुठे जातोय!"

आणि तिने शेरा मारला. स्क्रीनवरचा त्यांच्या घराचा पत्ता लाल झाला. साहेब लांबून पाहत होते.  काकूचा फोन वाजायला लागला होता, पण तिला बोलता येणार नाही हे चिमणीला दिसलं, म्हणून तिने तो स्वतःकडे वळवून घेतला. दिवसभर काकूचे फोन तिनेच घेतले. एक-दोनदा तिचा र घसरला. कुणी काही म्हणालं नाही.

सुटायच्या वेळी रोज मुलाचा फोन यायचा, निघालीस का, येताना काय आणू म्हणून. काकूने लॉकरमधून मोबाईल काढला आणि जिन्यापाशी उभी राहिली. बाकीच्या पोरी "येते काकू" म्हणत एकेक करून खाली गेल्या. शिपायाने हॉलचे दिवे घालवले, दाराला कुलूप लावलं आणि तिला विचारलं, "कुणाची वाट बघताय?"

"नाही, कुणाची नाही," ती म्हणाली, आणि कठड्याला धरून जिना उतरायला लागली.