दिवा सोडल्याशिवाय उतरायचं नाही

एकोडीच्या फाट्यावरच्या विहिरीचं पाणी त्र्याऐंशी सालच्या वैशाखात घासलेटासारखं वास मारू लागलं, तेव्हाच देवकाबाईला पुढचं दिसलं. विहीर नासली की गाळ काढायला तिच्याच नवऱ्याला बोलावणं येणार, हे ठरलेलं. टिकारामासारखा विहिरीत उतरणारा गडी साकोलीपर्यंत दुसरा नव्हता.

वास कुठून येतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. वीस पावलांवर भय्याजीचा पेट्रोलपंप, आणि जमिनीत पुरलेली त्याची टाकी गंजून चाळणी झालेली. पण भय्याजीसमोर तोंड उघडणार कोण? लग्नाला ट्रॅक्टर त्याचा, दवाखान्यात न्यायला जीप त्याची. बेबीबाईच्या म्हशीनं त्या पाण्याला तोंड लावायचं सोडलं, माणसांनी मात्र नाक दाबून भरणं चालूच ठेवलं. म्हशीला अक्कल जास्त, दुसरं काय.

शेवटी भंडाऱ्याहून एक साहेब आला. बादलीतल्या पाण्यावरचा रंगीत तवंग त्यानं पाहिला, भय्याजीला टाकी रिकामी करायला लावली आणि गावाला सांगितलं, "पाणी सगळं उपसा. तळची माती काढून दूर उन्हात पसरा. आणि विस्तव जवळ आणू नका." का आणू नका, हे समजावायला त्याला सवड नव्हती. जेवणाच्या आत तो परत गेलाही.

तीन दिवस रहाट फिरले. उपसलेलं पाणी जिथं ओतलं तिथलं गवत पिवळं पडलं. चौथ्या दिवशी सकाळी तळ दिसला आणि टिकाराम धोतर खोचून काठावर आला. साहेबाचा शब्द त्यानं मनावर घेतला होता. सगळ्यांच्या विड्या-माचिसी गोळा करून त्यानं शाळेकडे पाठवून दिल्या, भय्याजीचं सिगरेटचं पाकीटसुद्धा सोडलं नाही. कमरेला दोर बांधून तो पाय टाकणार, तोच देवकाबाईनं त्याचा हात धरला.

"अन् दिवा?"

"साहेब म्हणला, विस्तू नाही पायजे."

"तो विडीसाठी म्हणला. दिवा का विडी होय?"

तिचा भाऊ गुलाब अड्याळला असाच विहिरीत उतरला होता आणि कोंडलेल्या खराब हवेनं आतच गेला. त्या दिवशी कोणी दिवा सोडून पाहिला नव्हता. तेव्हापासून टिकारामासाठी तिचा एकच कायदा होता. बादलीत पेटती चिमणी ठेवून ती आधी तळाला सोडायची. विझली तर उतरायचं नाही, जळत राहिली तर उतरायचं. या कायद्यानं अठरा वर्षं तिचं कुंकू राखलं होतं.

"एक भाऊ गमावला मी," ती म्हणाली. "तुमाले नाही जाऊ देत."

टिकाराम घुटमळला. साहेब शिकलेला खरा, पण जन्मात एक तरी विहीर उतरला होता का? आणि पाणी तर सगळं उपसलं होतं, आता जळायला उरलं काय?

"बरं, आण," तो म्हणाला.

देवकाबाई घरी धावली. चिमणीत ताजं तेल घातलं, वात नीट केली, पेटवली आणि वाऱ्यानं विझू नये म्हणून पदराआड धरून आणली. काठावर तीसेक माणसं उभी होती. सगळ्यांनी सरकून दिव्याला वाट करून दिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा जीव थाऱ्यावर आला.

टिकारामानं बादली सोडली. ज्योत दिसावी म्हणून तो नेहमीसारखा पालथा पडून आत वाकला. दोर हातातून हळूहळू सरकत होता.

"जळून राहिला का?" तिनं विचारलं.

"जळून राहिला," तो आतूनच म्हणाला. "मोठा होऊन राहिला."

आणि विहीर भक्कन पेटली.

भय्याजीच्याच जीपमधून त्याला नेलं. साकोली यायच्या आधीच तो गेला.

आठ दिवसांनी साहेब पुन्हा आला. काळ्या पडलेल्या काठावर उभा राहून त्यानं विचारलं, "सांगितलं होतं ना मी? विस्तव आणला कुणी?"

भय्याजी म्हणाला, "साहेब, त्याचाच हलगर्जीपणा. दुसरं काय."

बायांच्या मागून देवकाबाई पुढे आली.

"हलगर्जी नोको म्हणू, भय्याजी. तुह्या खिशातली सिगरेट बी त्यायनं सोडली नोती." मग ती साहेबाकडे वळली. "दिवा मी आणला."

"अहो, पण कशाला?"

"ते जिते वापस यावं म्हणून," देवकाबाई म्हणाली.